वरच्या बारा पट्ट्या

"दिवे घालवायला सांग गं त्यांना," हे म्हणाले.

आपण माझ्या कानात कुजबुजलो असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते वाक्य हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं आणि तिथे शिडीवर चढलेला दिवेवाला वरून ओरडला, "कोण बोललं?"

मी पहिल्या रांगेतून हात वर केला. "मी हो, मी! दिव्यांची ऊब लागून पियानोच्या तारा सैल पडतात. ट्यूनिंग होईपर्यंत घालवता का जरा?"

त्यानं माझ्याकडे वाकून पाहिलं. पाच फुटांच्या बाईचा आवाज इतका भरदार कसा, हे कोडं त्याला पडलेलं दिसत होतं. पण शूटिंगच्या गडबडीत कोडी सोडवायला कोणाला वेळ असतो? "दिवे नाही जमणार, मावशी," एवढं म्हणून तो पुन्हा कामाला लागला. माझा जीव भांड्यात पडला.

आमचे हे पियानो ट्यूनर. पियानोच्या आत दोनशेच्या वर तारा असतात, प्रत्येक तार एका खुंटीला गुंडाळलेली. चावी लावून खुंटी उजवीकडे फिरवली की सूर चढतो, डावीकडे फिरवली की उतरतो. सांगायला एवढंच. पण त्या एवढ्याशावर ह्यांनी आयुष्य काढलं आणि या हॉलचा मोठा काळा पियानो तर एकतीस वर्षं एकट्यानं सांभाळला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सुराशी माझा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. लग्नानंतर ह्यांनी आठ दिवस मला दोन सुरांमधला फरक ऐकवायचा प्रयत्न केला, मग म्हणाले, "राहू दे. घरात एक ट्यूनर पुरे."

कान जायला लागले तेव्हा पहिल्यांदा कळलं ते मलाच, आणि तेही उशिरा. दोन वर्षं मला वाटत होतं, हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तो आजार सगळ्याच नवऱ्यांना असतो, त्यात विशेष काय? मग एका सकाळी मी बाहेरून आले तर हे स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले आणि त्यांच्या हाताशी किटली शिट्टी मारमारून कोरडी पडलेली. धूर निघत होता. त्यांनी मान वर केली ती जळका वास आल्यावर.

त्याच दिवशी दुपारी ते घरातल्या जुन्या पियानोसमोर बसले. डावीकडून एकेक पट्टी दाबत उजवीकडे गेले. शेवटाच्या जवळ बोट थांबलं. पुढची पट्टी, त्याच्या पुढची, अगदी शेवटची. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथून पुढे नुसतं लाकूड वाजतं."

मी मोजल्या. बारा पट्ट्या होत्या.

डॉक्टर झाले, कानात घालायचं यंत्र झालं. यंत्र बोलण्यासाठी ठीक होतं, पण ते घालून पियानो ऐकला की म्हणे कोणी पत्र्याचे डबे जिन्यावरून सोडल्यासारखं वाटायचं. ते यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. गाव जेवढं ह्यांना ओळखत होतं, तेवढं ह्यांच्या कानांमुळेच. बहिरा ट्यूनर म्हटल्यावर कोण दारात उभं करणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच म्हटलं. हो, मीच.

आणि मूठ झाकायची विद्या माझ्यापाशी होती. मी सव्वीस वर्षं कापडगिरणीत मागावर काम केलं. तिथे शंभर माग एकदम चालायचे. शेजारी तोफ उडाली तरी ऐकू आलं नसतं. पण बायका गप्प बसतात होय? आम्ही आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलायचो. एक एक अक्षर सुटं करून, सावकाश. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची सासू घसरली, सगळं चार माग ओलांडून पलीकडे पोचायचं. तेच मी ह्यांना जेवणाच्या टेबलावर शिकवलं. पहिले दोन महिने नुसता गोंधळ होता. मी मीठ मागितलं की चष्मा यायचा. पण तार लावणारा माणूस चिकाटीचा असतो. वर्षभरात ते माझे ओठ पेपरसारखे वाचायला लागले.

ट्यूनरनं काम करताना बोलायचं नाही आणि त्याच्याशीही कोणी बोलायचं नाही, हा या धंद्यातला जुना शिरस्ता. त्याच्या आडोशानं आमचं निभावलं. मी बॅग घेऊन बरोबर जायची, समोर बसायची, कोणी काही विचारलं तर ओठांनी पोचवायची. खालचे आणि मधले सूर ते हनुवटी पियानोच्या लाकडाला टेकवून लावायचे. लाकडातून हाडात येतं म्हणायचे. आणि वरच्या बारा पट्ट्या? त्या मनगटाच्या आठवणीवर. एकतीस वर्षांत कुठली खुंटी किती फिरते हे मनगटाला पाठ झालं होतं. कोणी कधी तक्रार केली नाही. म्हणून मी निर्धास्त होते.

तर शूटिंग. हॉल चार दिवस सिनेमावाल्यांनी घेतला होता. दिग्दर्शक पहिल्या दिवशी स्वतः ह्यांना भेटायला आला. उंच, घाईचा माणूस, आणि नाकापासून गळ्यापर्यंत दाढी. ओठ दिसायचं नाव नाही. तो पाच मिनिटं हात हलवून बोलला. ह्यांनी मान डोलावली, मग हळूच माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच्या पाठीमागे उभी होते. ओठांनी सांगितलं, 'एका पियानोवाल्याची गोष्ट आहे. त्याचे कान जातात.'

ह्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले, "वा! छान!"

दिग्दर्शक खूश झाला. पडद्यावर वादक होणारा नट वेगळा होता, त्याला वाजवता येत नव्हतं. खरं वाजवणार होत्या पियानोवाल्या बाई. त्यांचेच हात जवळून दिसणार होते. बुटक्या, गंभीर, पन्नाशीच्या. या हॉलमध्ये त्या वर्षातून दोनतीनदा वाजवायच्या, ह्यांना चांगल्या ओळखायच्या. फार कधी बोलल्या नव्हत्या, पण आल्यागेल्यावर ह्यांना वाकून नमस्कार करायच्या.

पहिले दोन दिवस पहाटे, दिवे लागायच्या आत, ह्यांनी पियानो लावून दिला. तिसऱ्या दिवशी मात्र दिवे सकाळपासून भट्टीसारखे तापलेले. दुपारी सगळं काम अडवून दिग्दर्शकानं सांगितलं, पियानो उतरलाय, अर्ध्या तासात लावून द्या. दिवे घालवायचं मी विचारलं ते तेव्हाच. ह्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या, हनुवटी लाकडाला टेकवली. वीस मिनिटांत खालचं आणि मधलं झालं. मग वरच्या बारा.

तिथे ते थांबले. मी पाहत होते. मनगटाला पाठ होतं ते नेहमीच्या हॉलचं, गारठ्यातलं. इतक्या उकाड्यात तारा किती सैल पडल्या असतील याचं माप त्या मनगटाकडे नव्हतं. ह्यांनी कपाळ पुसलं, वर दिव्यांकडे पाहिलं आणि अंदाज केला. प्रत्येक खुंटी नेहमीपेक्षा थोडी जास्त उजवीकडे. एकतीस वर्षांत त्यांनी पियानोला अंदाजानं हात लावलेला तो पहिला दिवस. मला बाकी काही कळत नसलं तरी ह्यांची पाठ कळते. त्या दिवशी ती पाठ चोरासारखी वाकलेली होती.

बाई वाजवायला बसल्या. बोटं खालून वर आली, शेवटी पोचली आणि थबकली. त्यांनी एक पट्टी पुन्हा दाबली. तिच्या शेजारची दाबली. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे फडक्यानं चावी पुसत होते. सगळे जिथे पाहतात तिथे पाहायचं आणि किंचित हसायचं, ही त्यांची हल्लीची सवय. तसेच हसत उभे होते.

"वरचं चढलंय," बाई हळू म्हणाल्या.

झालं, मी म्हटलं, आज उघडं पडलं.

पण दिग्दर्शकानं हात वर केला. "थांबा. पुन्हा वाजवा." त्यानं कानांवर हेडफोन दाबून डोळे मिटले. बाईंनी वाजवलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "हेच! हेच पाहिजे होतं मला. त्याला असंच ऐकू येत असणार. सगळं जागेवर, आणि वरचं सगळं बिघडलेलं. काका, तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? गोष्ट ऐकून केलंत ना?"

ह्यांना दाढी हलताना दिसली. बस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला खरं सांगता आलं असतं. चढलंय म्हणतात, उतरवा, एवढंच. त्यांनी पुन्हा हनुवटी टेकवली असती, पुन्हा अंदाज केला असता, आणि पुन्हा चुकले असते, चाळीस माणसांसमोर. मी ओठांनी म्हटलं, 'मुद्दाम केलंत का विचारतोय. हो म्हणा.'

"हो," हे म्हणाले.

चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. दिवेवाल्यानं शिडीवरून वाजवल्या. टाळ्या दिसतात, त्या ऐकाव्या लागत नाहीत. ह्यांनी मान लववली. फक्त बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पट्ट्यांकडे बघत बसल्या होत्या.

घरी आलो. टेबलाशी समोरासमोर बसल्यावर त्यांनी विचारलं, "मी काय मुद्दाम केलं?"

मी सांगितलं.

"किती चढलं होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"थोडं की फार?"

"अहो, खरंच नाही कळत मला."

चहा समोर निवून गेला. मग ते म्हणाले, "चुकीबद्दल टाळ्या घेतल्या आज मी. बापजन्मात असं केलं नव्हतं." त्यांचा आवाज मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, आणि इतकी मोठ्यानं सांगितलेली लाज मी आजवर ऐकली नव्हती. मला रडू आलं. 'हो म्हणा' मी म्हटलं होतं, त्यांनी नव्हे.

शेवटच्या दिवशी बाईंनी मला हॉलच्या मागच्या खोलीत गाठलं. त्या नळाखाली हात धूत होत्या. हात धूतच म्हणाल्या, "ताई, मला माहीत आहे."

"काय?" मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

"गेल्या वर्षी मी इथं वाजवलं, तेव्हा कार्यक्रम बदलला होता. वरच्या पट्ट्या लागणार नाहीत असंच निवडून घेतलं. त्याच्या आदल्या वर्षीही. आमच्यातले चारपाच जण तसंच करतात."

"तुम्ही सगळ्यांनी ठरवून?"

"छे, ठरवलं कोणी नाही. बोललंच नाही कोणी. त्यांनी आमच्यासाठी एवढं केलंय, कोण बोलणार?" त्यांनी नळ बंद केला. "पण पुढच्या महिन्यात बाहेरचे एक वादक येतायत. ते काही टाळणार नाहीत. मॅनेजरनं चारचौघांत सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा."

आम्ही दोन वर्षं मूठ झाकून बसलो होतो आणि सगळं गाव ती उघडी बघून नजर वळवत होतं. दया इतकी गुपचूप करता येते, हे मला ठाऊक नव्हतं. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

"फार चढतं का हो?" मी विचारलं.

बाई रुमालाला हात पुसत राहिल्या.

त्या संध्याकाळी मी ह्यांना समोर बसवलं आणि ओठांनी सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, कोण कोण टाळतं, पुढच्या महिन्यात कोण येणार. ते माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होते. मध्ये थांबवलं नाही. शेवटी एकच विचारलं, "किती चढतं म्हणाल्या?"

आणि मला ते डोळे बघवले नाहीत. मी म्हटलं, 'थोडंसंच.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वच्छ दाढी केली, कोट घातला आणि हॉलच्या मॅनेजरांना जाऊन सांगितलं की आता वय झालं. मॅनेजरांनी फारसा आग्रह केला नाही. मग नव्या ट्यूनरबाई आल्या. त्या यंत्र लावून सूर लावतात, पडद्यावर काटा हलतो, कान लागतच नाही म्हणे. ह्यांनी त्यांना पियानोचं झाकण उघडून एक खुंटी दाखवली. "ही जरा ढिली आहे. दाबून फिरवा, नाहीतर परत येते." मग चावी त्यांच्या हातात दिली. लाकडी मूठ ह्यांच्या तळहाताच्या आकारानं झिजलेली. ट्यूनरबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, पण बॅगेत ठेवताना त्यांची स्वतःची चांगली स्टीलची चावी मला दिसली.

वाटलं होतं, संपलं. पण त्या 'थोडंसंच'नं ह्यांची झोप उडवली. पेपर वाचता वाचता मध्येच म्हणायचे, "थोडंसंच होतं, तर घाई झाली माझी. खुंटी केसभर डावीकडे घ्यायची, एवढंच ना? अजून दोन वर्षं गेली असती." कधी म्हणायचे, "नक्की थोडंसंच म्हणाल्या?" मी मान हलवायची. जेवण कमी झालं. घरातल्या पियानोचं झाकण उघडून बसायचे, चावी नसलेला हात खुंट्यांवर ठेवून. लेकीचा फोन आला की मी सांगायची, बाबा मजेत आहेत. मी दया केली होती, आणि ती त्यांना वाळवीसारखी खात होती. खरं सांगायचं तर मलाच कुठे माहीत होतं खरं काय ते?

अकरा महिन्यांनी सिनेमा लागला. दिग्दर्शकानं दोन पासेस पाठवले. मी म्हटलं, नको जायला. हे म्हणाले, "जायचं. माझं शेवटचं काम आहे त्यात."

दुपारचा खेळ होता, थिएटर अर्धं भरलेलं. आम्ही मधोमध बसलो. पडद्यावरचा नट दिसायला देखणा, पण बहिरा म्हणून कच्चा. हाक मारली की वळायचा तो जरा लवकरच वळायचा. हे मला कोपरानं ढोसून म्हणाले, "ह्याला ऐकू येतंय." मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी ते असं काही बोलले होते.

मग आमचा हॉल आला. आमचा काळा पियानो, बाईंचे हात. खालचे सूर, मधले सूर, मला नेहमीसारखेच, सगळे एकसारखे. हात वर सरकत गेले. ह्यांनी माझं मनगट धरलं. हात शेवटी पोचले.

आणि मला ऐकू आलं.

अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. पुन्हा, पुन्हा, बारा वेळा. ज्या बाईला जन्मात दोन सुरांतला फरक कळला नाही, तिच्या अंगावर काटा आला. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी तोंडावर हात धरला. कोणीतरी नाक ओढलं. ते सगळ्यांना ऐकू आलं. एकट्या ह्यांना नाही.

त्याच क्षणी दिग्दर्शकानं सिनेमाचा आवाज तोडला. पार तोडला. पडद्यावर बोटं चाललेली आणि आवाज काहीच नाही. सगळं थिएटर श्वास धरून बसलं. खुर्ची करकरली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि त्या शांततेत हे माझ्याकडे वळून, त्यांच्या मते कुजबुजत, म्हणाले,

"आल्या का माझ्या पट्ट्या? किती चढल्यात?"

पुढची सगळी डोकी मागे वळली. कोणीतरी "श्श!" केलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पडद्याचा उजेड माझ्या चेहऱ्यावर पडला होता, माझे ओठ त्यांना स्वच्छ दिसत असणार. 'थोडंसंच' म्हणणं सोपं होतं, ओठ त्याला सरावले होते. पण वर्षभर मी पाहिलं होतं त्या शब्दानं काय केलं ते.

गिरणीत बोलायचो तसं, एक एक अक्षर सुटं करून मी म्हटलं, 'फार. मलासुद्धा कळलं.'

ते पाहत राहिले. मला वाटलं, वाचता आलं नाही की काय. मग त्यांनी सावकाश मान हलवली. छातीतून एक मोठा श्वास सुटला, अकरा महिने आत अडकलेला.

"मग चावी दिली ते बरोबर केलं मी," ते म्हणाले.

सगळ्या थिएटरला ऐकू गेलं. पुन्हा "श्श!" झालं, या वेळी दोनतीन जागांवरून. मी त्यांना गप्प केलं नाही.

पडद्यावर बाईंची बोटं आवाजाशिवाय वाजवत होती. ह्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता, मूठ अर्धवट वळलेली. मनगट जरासं डावीकडे फिरलं, थांबलं. पुन्हा जरासं डावीकडे. शांतता संपेपर्यंत ते एकेक करून वरच्या बाराही उतरवत होते.